सैनिकाच्या टोपीचा रंग : एका तक्त्याची आणि एका पुस्तकाची चिकित्सा

जुन्या लढायांची चित्रं रंगवणाऱ्या आणि त्यांवर टिपा लिहिणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो. नेपोलियनच्या काळातल्या इंग्रज पायदळाची रोजच्या वापरातली टोपी कोणत्या रंगाची होती? परेडच्या उंच टोपीबद्दल वाद फारसा नसतो. अडचण त्या साध्या, घडी घालून पिशवीत कोंबता येणाऱ्या टोपीची. तिलाच इंग्रजीत ‘फोरेज कॅप’ म्हणत. ‘फोरेज’ म्हणजे वैरण. वैरण आणायला जाताना घालायची ती टोपी, असा सरळ अर्थ.

या प्रश्नाचं उत्तरही ठरून गेलेलं आहे. त्या पलटणीच्या कोटाच्या कॉलरचा आणि बाह्यांच्या मुठींचा रंग बघा आणि तोच टोपीच्या पट्टीला द्या. चित्र पूर्ण, टीप तयार. हे उत्तर सोपं आहे, पाठ करता येतं आणि बऱ्याच ठिकाणी बरोबरही येतं. पण ज्या आधारावर ते उभं आहे तो आधार या एका कामासाठी कच्चा आहे. प्रस्तुत लेखात त्याचीच तपासणी करायची आहे.

जयेंद्रगंजात बसून हा प्रश्न कशाला?

कोणी म्हणेल, इंग्रज शिपायाच्या टोपीशी लश्करातल्या माणसाला काय कर्तव्य? तर बघा. नेपोलियन युरोपात धुमाकूळ घालत होता त्याच वर्षांत दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी इंग्रजांशी लढत होत्या. ४ सप्टेंबर १८०३ ला अलीगडचा किल्ला पडला, ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ लढाई झाली, २३ सप्टेंबरला दक्षिणेत असईची, १ नोव्हेंबरला लासवारीची. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. फेब्रुवारी १८०४ मध्ये कंपनीच्या फौजेने ग्वाल्हेरचा किल्लाही घेतला आणि नोव्हेंबर १८०५ च्या तहानंतर तो शिंद्यांकडे परत आला. त्यानंतर १८१० मध्ये दौलतरावांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा पडला, आणि त्या तळाचंच हे शहर झालं. लश्कर हे नाव छावणीचं. ‘कंपू’ हा मोहल्ला आपण रोज ओलांडतो, आणि ‘कंपू’ म्हणजे त्या काळी कवायती पलटणींचा जथा. ‘शिंदे की छावनी’ तर नावातच सगळं सांगते.

म्हणजे ही चित्रं आपल्या शहराच्या जन्माच्या आधीच्या सात वर्षांची आहेत. त्यांत लाल कोट दिसला की इंग्रज आणि पगडी दिसली की आपला, अशी वाटणी केली जाते, आणि तिथेच घोळ होतो. कंपनीच्या बहुसंख्य शिपायांच्या डोक्यावर पगडीचंच कोणतं तरी रूप होतं. उलट महादजी आणि दौलतरावांच्या कवायती पलटणी युरोपीय अधिकाऱ्यांनी कंपनीच्या धर्तीवर उभ्या केल्या होत्या. चुकीच्या टोपीमुळे शिंद्यांचा शिपाई सहज इंग्रजांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ज्यांच्या पूर्वजांनी त्या पलटणींत चाकरी केली अशी घरं आजही या शहरात आहेत, त्यामुळे ही किरकोळ गफलत म्हणून सोडून देता येत नाही.

टोपी आणि तिचं अर्थकारण

आधी वस्तू समजून घेऊ. १८०० साली इंग्रज पायदळाला उंच, नळकांड्यासारखी शाको टोपी मिळाली. ती पहिल्यांदा चामड्याची होती, १८०६ पासून नमद्याची झाली आणि १८१२ मध्ये तिचा घाट पुन्हा बदलला. ही परेडची आणि लढाईची टोपी. तिच्याबद्दल वरून हुकूम निघत, नमुने ठरत आणि तपासणी होत असे.

तळावर मात्र ती घालून कोण वावरणार? पाणी भरणं, लाकडं फोडणं, तंबू उभारणं, घोड्यांची उस्तवार, रात्रीची झोप या सगळ्यासाठी मऊ टोपी लागे. तिचे घाट अनेक होते. कुठे दोन बाजूंनी चपटी होणारी, कुठे गोल आणि वर सपाट, तर स्कॉटलंडच्या पलटणींत विणून आटवलेली लोकरी बॉनेट. ही टोपी शिपायाच्या गरजेच्या सामानात मोडे, आणि अशा सामानाचा खर्च साधारणपणे त्याच्याच पगारातून कापला जाई.

आता रंगाचा मुद्दा. शिपायाला साधारण वर्षाला एक कोट मिळे. नवा आला की जुना उरे, आणि पलटणीचा शिंपी त्या जुन्या कापडातून आखूड जाकीट काढी, ठिगळं काढी आणि टोपीही काढी. अठराव्या शतकातले इंग्रज लष्करी लेखक या काटकसरीबद्दल तपशिलात लिहीत. बेनेट कथबर्टसनच्या १७६८ च्या पुस्तकाच्या नावातच पलटणीच्या ‘इकॉनॉमी’चा उल्लेख आहे. तेव्हा टोपीचा रंग पुष्कळदा ठरे तो शिंप्याच्या हाती उरलेल्या कापडावरून. कर्नलला हौस असेल तर नवं कापडही येई, आणि मग निळी, राखाडी किंवा पांढरी टोपी निघे. रायफल पलटणींचा पोशाखच गर्द हिरवा असल्याने तिथे टोपीही त्याच छटेची. पण सगळ्या पायदळाला बांधणारा एकच रंग नव्हता.

शिवाय साध्या शिपायाच्या कोटाचा लाल आणि अधिकाऱ्याच्या कोटाचा लाल, हे दोन वेगळे लाल होते. अधिकाऱ्याचं कापड कोचिनीलच्या किड्यांपासून काढलेल्या झळझळीत किरमिजी रंगाचं. शिपायाचं मंजिष्ठेत रंगवलेलं, मुळातच विटकरीकडे झुकणारं. त्यावर वर्षभराचं ऊन, पाऊस आणि धुणं. अशा कोटातून निघालेली टोपी चित्रकाराच्या डबीतल्या शेंदरी लालसारखी असणं शक्यच नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात रंगीत कापड दोन आठवडे गच्चीवर ठेवून बघा, मग वेगळा पुरावा मागावा लागणार नाही.

हॅमिल्टन स्मिथचा तक्ता : काय सांगतो, काय सांगत नाही

रंगांची चर्चा निघाली की सगळे एका नावाकडे वळतात, चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याच्या पोशाखावरचं त्याचं चित्रमय पुस्तक लंडनच्या कोलनाघी यांनी १८१२ ते १८१५ या काळात भागांनी काढलं. चित्रं स्टॅडलरने तांब्याच्या पत्र्यावर उतरवली आणि छापल्यावर ती हाताने रंगवली गेली. त्यातला पायदळाच्या पलटणींच्या रंगांचा तक्ता तर हौशी लोकांना पंचांगासारखा वाटतो. पलटणीचा क्रमांक शोधायचा आणि रंग उचलायचा.

तक्ता उत्तम आहे, यात शंका नाही. इतक्या पलटणींची तुलना एका नजरेत करता येईल असं त्या काळातलं साधन विरळाच. कॉलर आणि मुठींच्या त्या वेगळ्या रंगाला ‘फेसिंग’ म्हणतात. ७४ व्या पलटणीचं पांढरं, ७८ व्या हायलँडर्सचं बफ, म्हणजे फिकट चामड्यासारखं. या दोन्ही असईला होत्या. ३५ व्या पलटणीचं नारिंगी, ५६ व्याचं जांभळं, ५० व्याचं काळं. पिवळ्या आणि हिरव्याच्या तर कितीतरी छटा.

पण या पुस्तकाचं शीर्षकच स्पष्ट सांगतं की त्यातला पोशाख १८१२ च्या ताज्या नियमांनुसार आहे. नियमांनुसार! म्हणजे शिपायाने काय घालावं याचं हे चित्र आहे. तो प्रत्यक्षात काय घालून हिंडत होता हे शोधायचं तर दुसरं साधन हवं. आणि तक्त्यात रकाने आहेत ते कोट, फेसिंग आणि लेसचे. तळावरच्या टोपीचा रकानाच नाही. जो रकाना नाही त्यातून उत्तर काढायचं, आणि मग ‘हॅमिल्टन स्मिथनुसार’ अशी टीप खाली जोडायची, हा प्रकार थांबला पाहिजे. मूळ ग्रंथकाराने न सांगितलेली गोष्ट त्याच्या नावावर खपवणं बखरीच्या बाबतीत आपण चालवून घेत नाही. मग इथे का चालवून घ्यावं?

कॉलरचा रंग टोपीच्या पट्टीला द्यायचा हा नियम कुठे कोसळतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरण नेमकं आपल्याच इतिहासात आहे. अलीगड, दिल्ली आणि लासवारी या तिन्ही ठिकाणी शिंद्यांच्या पलटणींसमोर जी गोरी पलटण होती ती ७६ वी. तिचं फेसिंग लाल. कोट लाल, कॉलर लाल. समजा टोपी जुन्या कोटाची शिवली आणि पट्टी नियमाप्रमाणे फेसिंगच्या कापडाची लावली, तर लालावर लाल येईल आणि पट्टी दिसणारच नाही. पट्टी दाखवायची तर शिंप्याला दुसरा रंग घ्यावा लागणार, आणि तो कोणता हे तक्ता सांगत नाही. आर्थर वेलस्लीची स्वतःची ३३ वी पलटण, जी १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला होती, तिचंही फेसिंग लालच. हिंदुस्थानातल्या लढायांची चित्रं रंगवणाऱ्याला जो नियम सगळ्यांत जास्त उपयोगी पडायला हवा, तो इथेच हात वर करतो.

कागदावरचा रंग म्हणजे कापडाचा रंग नव्हे

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो सगळ्याच रंगीत जुन्या चित्रांना लागू पडतो.

अशी चित्रं छापताना रेषा आणि सावल्या पत्र्यावरून येत. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर माणसं ब्रशने भरत, एक नमुना समोर ठेवून. शंभर प्रती म्हणजे शंभर वेळा भरलेला रंग. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत कॉलरची छटा वेगळी निघणं नवल नाही. बफ आणि फिकट पिवळा यांतला फरक तर ब्रशमधल्या पाण्याच्या एका थेंबाचा.

त्यात भर काळाची. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा वापरलेला असेल तर हवेतल्या गंधकाच्या वायूने तो कागदावर करडा, कधी काळाही पडतो. कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरांत असं सर्रास घडलं. वनस्पतींपासून काढलेले पिवळे रंग उजेडाने उडतात. हिरवा रंग पिवळ्या-निळ्याच्या मिश्रणाचा असेल तर पिवळा उडून निळा मागे उरतो. म्हणजे मूळची पांढरी टोपी आज ‘राखाडी’ म्हणून आणि मूळची हिरवी पट्टी ‘निळी’ म्हणून आपल्यासमोर येऊ शकते. पडद्यावर त्या चित्राचा फोटो बघून रंगाचा क्रमांक उचलणाऱ्याने आधी विचारावं की मी दोनशे वर्षांपूर्वीचं कापड पाहतोय की दोनशे वर्षं जुना झालेला रंग? हल्ली तर काळ्या-पांढऱ्या चित्रात संगणकच रंग भरून देतो. तो बिचारा अशाच चित्रांवरून शिकलेला. त्याने दिलेला लाल म्हणजे आधीच्या शंभर अंदाजांची सरासरी, पुरावा नव्हे.

ब्रॉटनचं पुस्तक : तळाचं चित्रण

आता आपल्या जवळचं साधन. थॉमस ड्यूअर ब्रॉटन हा शिंद्यांच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटच्या रक्षक तुकडीचा प्रमुख. १८०९ या वर्षात दौलतरावांच्या फिरत्या छावणीतून त्याने लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने आली. त्यात दहा रंगीत चित्रं आहेत.

लिखाणाबद्दल आधी. ब्रॉटनची नजर परक्याची आहे, पुष्कळदा कुचेष्टेची आहे. मराठ्यांबद्दलची त्याची मतं वाचताना कपाळाला आठ्या पडतात. कंपनीचा अधिकारी नुकत्याच हरवलेल्या दरबाराबद्दल लिहितोय, हे प्रत्येक पानावर लक्षात ठेवावं लागतं. पण एक गुण त्याच्यापासून हिरावून घेता येत नाही. तो छावणीत राहत होता. दरबार, सण, बाजार, कूच, पगार थकल्याच्या कुरबुरी असं रोजचं जगणं त्याच्या पत्रांत आहे. हॅमिल्टन स्मिथकडे परेडचं मैदान आहे, ब्रॉटनकडे तंबूमागची बाजू. ज्याला टोपीसारख्या रोजच्या वस्तूंचा शोध घ्यायचा आहे, त्याने दुसऱ्या प्रकारच्या साधनाकडे जास्त वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्रांचं मात्र वेगळं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ती ‘एका देशी चित्रकाराच्या’ चित्रांवरून केल्याचं छापलं आहे. लेखकाचं नाव, हुद्दा, नोकरी सगळं तिथे आहे, चित्रकार मात्र फक्त ‘देशी’. या माणसाने छावणी पाहिली होती, पगडीचा पेच कुठून सुरू होतो हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पण त्याचं चित्र समुद्रापार गेलं, तिथे कोणीतरी पत्र्यावर उतरवलं, आणि तिसऱ्याच कोणीतरी प्रत्येक प्रतीत रंग भरला. त्या शेवटच्या हाताने ग्वाल्हेर, उज्जैन, चंदेरी कधी पाहिलं असण्याचा संभव जवळपास शून्य. म्हणून माझा निष्कर्ष असा की या चित्रांतल्या घाटावर, म्हणजे पगडीच्या बांधणीवर, अंगरख्याच्या बंदांवर, हत्यार धरण्याच्या पद्धतीवर भरवसा जास्त ठेवावा आणि रंगावर कमी. हौशी मंडळी करतात ते नेमकं उलटं.

घाट मोठा की रंग?

याला आपल्या भाषेतलाही आधार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात युरोपीय व्यापाऱ्यांसाठी ‘टोपीकर’ हा शब्द येतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज सगळे टोपीकर. ओळख पटली ती डोक्यावरच्या वस्तूच्या घाटावरून. आपल्या पगड्यांचंही तेच. शिंदेशाही, होळकरशाही, पुणेरी ही नावं बांधणीची आहेत. शिंदेशाही पगडी कोणत्याही रंगात शिंदेशाहीच राहते. रंग प्रसंगाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, ऐपतीप्रमाणे बदलतो.

आणि या काळात हिंदुस्थानात टोपीवरून जो सर्वांत मोठा प्रसंग घडला तो याचीच साक्ष देतो. मद्रासच्या फौजेचा सरसेनापती जॉन क्रॅडॉक याच्या काळात शिपायांसाठी नव्या घाटाची पगडी ठरली. १८०५ च्या अखेरीच्या हुकमांत कपाळावरचं गंध आणि दाढी यांवरही बंधनं आली. नवी पगडी गोऱ्यांच्या हॅटसारखी दिसे, आणि तिच्यावर चामड्याचा तुरा होता. आपल्याला टोपीवाले करून बाटवणार, ही भीती पसरली. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले आणि ६९ व्या गोऱ्या पलटणीची माणसं मोठ्या संख्येने मारली गेली. अर्काटहून आलेल्या घोडदळाने त्याच दिवशी उठाव चिरडला, त्यात शेकड्यांनी शिपाई मेले. पगडीचा हुकूम मागे घ्यावा लागला. क्रॅडॉक आणि मद्रासचा गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावलं गेलं.

रंगांच्या तक्त्यात ६९ वी पलटण सापडते, हिरव्या फेसिंगची म्हणून. पण ज्या पगडीसाठी माणसांनी जीव दिला, तिच्यातलं चामडं आणि तिचा घाट कोणत्या रकान्यात बसणार? नुसत्या रंगाच्या मागे लागलेल्या अभ्यासाची मर्यादा यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

मग रंगवायचं काय?

यावर कोणी म्हणेल, मग काहीच रंगवू नका! तसं नाही. पुराव्यांची उतरंड लावता येते. ज्या टोपीचा मालक आणि वर्ष माहीत आहे अशी प्रत्यक्ष उरलेली टोपी सर्वांत वर. त्याखाली पलटणीचे हुकूम आणि शिंप्याचे हिशेब. त्याखाली जागेवर बसून, जागेवरच रंगवलेलं चित्र. मग हॅमिल्टन स्मिथसारखा नियमांचा तक्ता. आणि सगळ्यांत खाली नंतरच्या पिढ्यांनी काढलेली युद्धचित्रं. टीप लिहिताना कोणत्या पायरीवरून बोलतोय एवढं जरी लिहिलं, तरी निम्मा घोळ मिटेल. चित्राची प्रत हाताने रंगवलेली आहे का, आणि रंग मूळचा की नंतर भरलेला, हेही एका ओळीत सांगता येतं.

हीच काळजी १८५८ च्या चित्रांतही घ्यावी. जूनमधल्या कोटा-की-सरायच्या आणि फुलबागेकडच्या धुमश्चक्रीच्या चित्रांत गोऱ्यांना सर्रास लाल कोट आणि परेडची टोपी चढवतात. त्या वर्षीच्या उन्हाळी मोहिमांत तळावरच्या टोपीवर पांढरं कापड चढवून मानेवर पडदा सोडण्याची चाल सगळीकडे होती, आणि खाकीही येऊन पोचली होती. टोपीचा मूळ रंग कापडाखाली झाकलेलाच. तिथे पट्टीचा रंग शोधण्यात रात्री घालवू नयेत.

आणि शिंद्यांच्या पलटणींसाठी खरी जागा इंग्रजी तक्त्यांत नाही, ती मोडी हिशेबांत आहे. त्यात ‘टोपी’ किंवा ‘पोशाख’ एवढंच शोधून भागणार नाही. बनात आणि सकलाद हे शब्द शोधावेत. बनात म्हणजे जाड लोकरी कापड, सकलाद म्हणजे उंची लोकरी, बहुधा लाल. जोडीला किरमिजी, कुसुंबी, जर्द, अस्मानी ही रंगनावं. किती गज, कोणासाठी, कोणत्या महिन्यात हे तीन रकाने जुळले की एका पलटणीच्या अंगावरचं कापड आपल्याला कागदावरून मोजता येतं. आपल्या मंडळात मोडी वाचणारी माणसं आहेत, आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर दप्तरं अजून आहेत. ज्यांच्याकडे अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एकदा दाखवावी. लासवारीच्या चित्रात शिंद्यांच्या शिपायाला रंग द्यायचा, तर तो तिथून यावा. तोवर ७६ व्या पलटणीचा कोट विटकरी लाल करा, कॉलरही लाल ठेवा, आणि दोन्ही बाजूंच्या टोप्यांचा घाट नीट काढून त्या बिनरंगी सोडा.